विद्यार्थ्यांचे नियतकालिक : नाव कोणाचे, शब्द कोणाचा?

महाविद्यालयांचे वार्षिकांक चाळताना एक गोष्ट वारंवार खटकते. आरंभी संस्थाचालकांची छायाचित्रे, मग प्राचार्यांचे मनोगत, मग विभागांचे अहवाल आणि उरलेल्या पानांत विद्यार्थ्यांच्या कविता. 'विद्यार्थी संपादक' म्हणून ज्याचे नाव छापले जाते, त्याला अंक छपाईला केव्हा गेला हेही पुष्कळदा ठाऊक नसते. याला विद्यार्थ्यांचे नियतकालिक म्हणायचे काय?

हा प्रश्न केवळ वाङ्मयीन नाही. जालना जिल्ह्यातल्या आष्टीसारख्या गावातून शिकायला बाहेर पडलेला दलित विद्यार्थी पहिल्यांदा छापून येतो तो बहुधा याच पानांवर. त्याने ऊसतोडीची 'उचल' लिहावी आणि संपादकाने तिथे 'अग्रिम रक्कम' करावे, हे शुद्धलेखन नव्हे. उचल म्हणजे नुसते आगाऊ पैसे नव्हेत. त्या पैशांत नवराबायकोचा सगळा हंगाम बांधला गेलेला असतो. शब्द बदलला की ते बांधलेपण पुसले जाते.

याउलट घडू शकते, हे मराठवाड्याने पाहिले आहे. डॉ. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत सुरू केलेल्या महाविद्यालयाच्या, म्हणजेच पुढच्या मिलिंदच्या परिसरात पहिल्या पिढीचे विद्यार्थी लिहिते झाले. तिथूनच १९६७ साली 'अस्मिता' निघाले आणि १९६८ पासून ते 'अस्मितादर्श' झाले. डॉ. म. ना. वानखडे, गंगाधर पानतावणे ही प्राध्यापक मंडळी त्यामागे होती. म्हणजे ते विद्यार्थ्यांनी चालवलेले नियतकालिक नव्हते, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु त्यांनी नवख्या लेखकाचा अनुभव त्याच्याच भाषेत येऊ दिला आणि लेखक-वाचक मेळाव्यांतून वाचकाला लेखकासमोर बसवले. प्राध्यापकाने पाठीशी उभे राहावे, पुढ्यात नव्हे, हा त्यातला धडा आहे.

मात्र दोष एकट्या प्राध्यापकांचा नाही. आपल्या विद्यार्थ्यांच्या कविताही तपासून पाहाव्यात. तोच सूर्य, तोच वणवा, तोच काळोख! सत्तरीतल्या कवींनी जे शब्द स्वतःच्या जगण्यातून कमावले, ते आज उसने घेतले जातात. विद्रोहाची उसनवारी हा विद्रोह नव्हे. शिष्यवृत्तीची वाट पाहणारा, भाड्याच्या खोलीसाठी आडनाव सांगताना अडखळणारा आजचा विद्यार्थी या कवितांत सापडत नाही. हे त्याला सांगणारा संपादक त्याच्याच वयाचा असला, तर ते अधिक लागेल.

विद्यार्थ्यांच्या नियतकालिकाचा खरा शत्रू आहे तीन वर्षांची मुदत. संपादक पदवी घेऊन जातो आणि अंक बंद पडतो. म्हणून मंडळात प्रथम वर्षाचे विद्यार्थी असलेच पाहिजेत. वर्गणीदारांची वही आणि हिशेब एका तुकडीने दुसरीच्या हाती दिला पाहिजे. निवडीचा अंतिम अधिकार विद्यार्थ्यांचा हवा आणि थोडा तरी खर्च वर्गणीतून निघाला पाहिजे. कारण जो सगळे पैसे देतो, तोच शेवटी पाने ठरवतो. अंक गावच्या वाचनालयातही गेला पाहिजे.

विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून १९७८ ते १९९४ हा प्रदेश झगडला, माणसे मेली, घरे जळाली. नाव मिळाले. त्या नावाखाली शिकणाऱ्या मुलाला स्वतःच्या एका शब्दावर अधिकार नसेल, तर तो लढा अजून अपुरा आहे, असेच म्हणावे लागेल.