रोग आणि दुखणें

रोग वेगळा आणि दुखणें वेगळें, हें मराठी माणसास कोणी शिकवावें लागत नाहीं. रोगाचें नांव वैद्य सांगतो. दुखणें मात्र घरांतील सर्वांनीं मिळून काढावयाचें असतें. आमच्या भाषेंत अनायासें नांदत असलेला हा भेद पाश्चात्त्य वैद्यकाच्या गळीं उतरविण्यांत ज्यांनीं अर्धशतक वेंचलें, त्या आर्थर क्लाइनमन या अमेरिकन मानसोपचारज्ञाच्या कार्याचा परामर्श येथें घ्यावयाचा आहे.

क्लाइनमन यांचा जन्म १९४१ चा. वैद्यकाची पदवी घेतल्यावर ते १९६९ सालीं तैवानांत गेले. एकच रोगी आज डॉक्टराकडे, उद्यां झाडपाल्याच्या वैद्याकडे आणि परवां देवळांत अंगांत येणाऱ्याकडे जातो, आणि त्यांत त्याला कांहींच विसंगत वाटत नाहीं, हें त्यांनीं तेथें पाहिलें. पुढें १९७७ सालीं त्यांनीं एका तर्कदोषाकडे लक्ष वेधलें. त्यास आपण 'कोटिभ्रम' म्हणूं. एका समाजांत घडविलेली रोगाची कोटि दुसऱ्या समाजास लावावयाची, आणि कांहीं लक्षणें जुळलीं कीं तोच रोग तेथेंहि सांपडला म्हणून समाधान मानावयाचें, असा हा भ्रम आहे.

त्यांच्या कीर्तीचा खरा पाया १९८० सालीं चीनमधील हुनान प्रांतांत घातला गेला. तेथील डॉक्टर डोकेंदुखी, निद्रानाश, चक्कर, थकवा अशा तक्रारींस सर्रास मज्जादौर्बल्य ठरवीत. गंमत अशी कीं, हें निदान मूळचें चिनी नव्हेच. बिअर्ड नांवाच्या अमेरिकन डॉक्टरानें १८६९ सालीं तें प्रचारांत आणलें होतें. आणि ज्या वर्षीं क्लाइनमन हुनानांत पोंचले, त्याच वर्षीं अमेरिकन मानसोपचारज्ञांनीं आपल्या अधिकृत यादींतून तें काढून टाकिलें! क्लाइनमन यांनीं मज्जादौर्बल्याचे शंभर रोगी तपासले. अमेरिकन कसोटीप्रमाणें त्यांतील ८७ जणांस विषादरोग ठरत होता. औषधांनीं पुष्कळांचीं लक्षणें कमी झालीं. तरी आपण बरे झालों असें त्यांतील अनेकांस वाटेना. नको त्या ठिकाणची नोकरी, कुटुंबाची ताटातूट, सांस्कृतिक क्रांतीनें केलेली विटंबना, हें सारें जेथल्या तेथें होतें. ज्या राजवटींत मन खिन्न आहे असें म्हणणें म्हणजे राजकीय दोष पत्करणें होतें, तेथें डोकें दुखतें एवढें तरी निर्धास्तपणें म्हणतां येई. 'सोशल ओरिजिन्स ऑफ डिस्ट्रेस अँड डिसीज' या १९८६ च्या ग्रंथांतील या रोग्यांच्या हकीकती कोणाहि वाचकास अस्वस्थ करतील.

परंतु येथेंच आमचा आक्षेप आहे. कोटिभ्रमाचा इशारा देणाऱ्यानें हुनानांत कसोटी वापरिली ती अमेरिकन. ८७ हा आंकडा लोकांच्या ध्यानांत राहिला, त्यामागची शंका राहिली नाहीं. पुढें चिनी मानसोपचारज्ञांनीं मज्जादौर्बल्य हळूहळू बाजूस सारून विषादरोगाचें निदान स्वीकारलें, आणि त्यास या संशोधनाचाहि हातभार लागला. इशारा देणाराच त्या कोटीचा वाहक व्हावा, हा केवळ दैवदुर्विलास म्हणून सोडून देतां येत नाहीं. लेखकानें आंकडा आधीं आणि शंका मागाहून मांडिली, याची जबाबदारी त्याचीच.

त्यांच्या प्रश्नांचेंहि असेंच झालें. या दुखण्यास तुम्ही काय म्हणतां, तें कशामुळें झालें, त्यांत भीति कशाची वाटते, असें रोग्यासच विचारावें, हें त्यांनीं दोघां सहकाऱ्यांसह १९७८ सालीं सुचविलें. वैद्यकशाळांनीं त्याचा छापील तक्ता करून टाकला. संस्कृति म्हणजे तक्त्यांतील एक रकाना नव्हे, असें २००६ सालीं स्वतः क्लाइनमन यांनाच एका सहलेखकासह लिहावें लागलें.

'द सोल ऑफ केअर' हा २०१९ चा ग्रंथ अगदीं निराळा आहे. त्यांच्या पत्नी जोन या चिनी विद्येच्या अभ्यासक. त्यांना अकालीं स्मृतिभ्रंश जडला आणि २०११ सालीं त्या निवर्तल्या. येथें निदानाविषयीं वाद नव्हता. तज्ज्ञांनीं रोगाचें नांव सांगितलें. मात्र तिला न्हाऊं कसें घालावें, जेवूं कसें घालावें, घाबरली तर धीर कसा द्यावा, हें नवऱ्यानें आपलें आपण शिकावयाचें होतें. ग्रंथांत पुनरुक्ति आहे, आणि युक्तिवाद पूर्वीच्या मानानें सैल आहे. क्लाइनमन यांचें एकच पुस्तक वाचावयाचें असेल तर आम्ही हुनानचेंच सुचवूं. पण तें मिटल्यावर या ग्रंथांतील जोन यांच्या दुखण्याचीं प्रकरणें अवश्य वाचावींत.