जाई की जुई

मुलीच्या नावावरून घरात वाद होतो तेव्हा दोन नावं सहसा लांबलांबची असतात. एक आजीने कुलदेवतेवरून काढलेलं, दुसरं आईबाबांना कुठेतरी सापडलेलं. तिथे निकाल कोणाचं वजन जास्त यावर लागतो, नावांकडे फारसं कोणी बघत नाही. जाई आणि जुई या जोडीत मात्र नावांकडेच बघावं लागतं. दोन्ही फुलं, दोन्ही पांढरी, दोन्ही दोन अक्षरी. आरंभीचा ‘ज’ सारखा, शेवटची ‘ई’ सारखी. पंचांगही पंच म्हणून कामाला येत नाही, कारण राशीच्या अक्षरांत ‘ज’ मकरेच्या वाट्याला येतो आणि दोघी तिथेच जाऊन बसतात. उरतो एक स्वर. माझ्या भाचीच्या घरी सध्या याच एका स्वरावरून काथ्याकूट चालू आहे, आणि मला तो मुळीच फुकटचा वाटत नाही.

आधी नुसतं म्हणून बघावं. ‘जाई’ म्हणताना तोंड पूर्ण उघडतं आणि मग मिटत येतं. दोन्ही अक्षरं गुरू, म्हणजे सगळा ऐसपैस कारभार. मागच्या अंगणातून, तिसऱ्या मजल्यावरून, लग्नाच्या गर्दीतून हाक मारायला हे नाव फार सोयीचं. ‘जा’ हवा तेवढा ताणावा. ‘जुई’त पहिलं अक्षर लघू. ओठांचा चंबू होतो न होतो तोच ते फाकतात आणि नाव संपतं. ते ओरडता येत नाही. ओरडायला गेलं तर ‘ई’ किंचाळीसारखी निघते. या नावाने हाक मारायची तर जवळ जावं लागतं. लहान मुलीच्या बाबतीत हा गुण की दोष, हे घर किती मोठं आहे त्यावर ठरवावं.

यमकांकडे वळलं की गंमत वाढते. आई, ताई, माई, बाई, दाई: जाईशी जुळणारे शब्द बघा, घरातल्या बायकांचा अख्खा गोतावळा जमतो. त्यामुळे हे नाव कुठल्याही वयात नात्यात मुरतं. ‘जाईताई’ जिभेवर आपोआप येतं, ‘जाईबाई’ लाडाने आणि रागाने दोन्हींनी म्हणता येतं. जुईची यमकं मात्र माणसांत सापडत नाहीत. सुई, रुई, भुई. टोचणारी, उडणारी, पायाखालची. शाळेत पोरं ‘जुई-सुई’ म्हणून चिडवणार हे गृहीत धरावं. (जाईलाही सुटका नाही; ‘जाई काजळ’ महाराष्ट्रात इतकं घरोघरी गेलेलं की निदान आजीच्या पिढीतलं कोणीतरी डबीची आठवण काढणारच.) पण भुईशी जुळणारं नाव असणं मला मनापासून आवडतं. आई-ताईच्या घोळक्यात शिरण्यापेक्षा ते जरा वेगळ्या वाटेचं आहे.

व्याकरणाने जाईची एक खोडी काढून ठेवली आहे. ‘जाई’ हे ‘जाणे’चं रूपही आहे: तो रोज नदीवर जाई. म्हणून ‘जाई शाळेत जाई’ असं वाक्य तिच्या वहीत कधीतरी येणार, आणि लाडाने ‘जाऊ’ म्हणायला गेलात तर नातं थेट दिरांच्या घरात पोचतं. जुईचं असं काही होत नाही. तिचं लाडकं रूप ‘जुईली’ तर स्वतःच एक नाव होऊन बसलं आहे.

फुलं मात्र हातात घेऊन बघायला हवीत, कारण बागेत या दोघी नावांइतक्या सारख्या नाहीत. जाईचं फूल मोठं, देठाची नळी लांब आणि कळीवर बाहेरून गुलाबी-जांभळट छटा. उमललं की पांढऱ्याच्या पाठीमागे ती छटा राहते. पान पिसासारखं, एका देठावर सात-नऊ छोट्या पानांचं. जुईचं फूल बारीक, झुबक्याने येणारं. तिचं पान निरखून पाहा: बहुधा एकच मोठं पान दिसतं, पण तळाशी दोन्ही बाजूंना कानाच्या पाळीएवढ्या दोन इवली पानं चिकटलेली असतात. वनस्पतिशास्त्रातलं तिचं ‘ऑरिक्युलॅटम’ हे नाव या कानांवरूनच पडलं. बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, तेव्हा कानवाल्या वेलीचं नाव सांगायला काय हरकत आहे? वासावरून मी निवाडा देणार नाही. तिथे ज्याचं त्याचं नाक.

मुळांकडे गेलं तर संस्कृतात एक ‘जाती’, दुसरी ‘यूथिका’. ‘जाती’तला ‘त’ प्राकृतात गळला आणि जाई झाली; त्याच शब्दाचा एक अर्थ जन्म आणि दुसऱ्या वाटेने आलेली आपली ‘जात’. आडनाव गाळून नाव लावू म्हणणाऱ्या आईबाबांना हे कळलं तर ते क्षणभर थबकतील. यूथ म्हणजे कळप, समूह. झुबक्याने फुलणाऱ्या वेलीला शोभणारं. यात्रेची जत्रा झाली तसा इथेही ‘य’चा ‘ज’ झाला. म्हणून ही मुलगी उद्या जर्मनीत शिकायला गेली आणि तिथल्या लोकांनी स्पेलिंग बघून तिला ‘युई’ म्हटलं, तर त्यांनी नकळत मूळ ‘य’ परत दिला असं समजावं.

स्पेलिंगचा प्रश्न जाईला जास्त छळतो. जे-ए-आय लिहिलं की महाराष्ट्राबाहेर तिची सरळ ‘जय’ होते, आणि मग मुलगा समजून पत्रं येतात. जुईची फार तर ‘जूही’ होते, म्हणजे हिंदीतली तीच वेल.

‘जुई’ वयाला शोभत नाही, ऐंशीची जुईआजी कशी दिसेल, असं भाचीच्या सासूबाईंचं म्हणणं. जाईच्या बाजूने त्या जाई निंबकरांचं नाव पुढे करतात, आणि तो दाखला भक्कम आहे. इंग्रजीतून कादंबऱ्या लिहिणाऱ्या, अमराठी लोकांना मराठी शिकवणारी पुस्तकं मॅक्सीन बर्नसन यांच्यासोबत करणाऱ्या, फलटणच्या जाईबाई. त्यांची आई इरावती कर्वे. १९०५ साली ब्रह्मदेशात जन्मलेल्या इरावतीबाईंना तिथल्या नदीचं नाव मिळालं होतं. त्यांनी एका मुलीचं नाव जाई ठेवलं, दुसरीचं गौरी. जाईच्या मागे जुई आणली नाही, हे मला त्यांच्या चोखंदळपणाला साजेसं वाटतं. जोडीतलं दुसरं नाव दुसऱ्या मुलीसाठी राखून ठेवणं म्हणजे तिला उरलेलं देणं. जुईच्या बाजूने दाखला द्यायचा तर जुई गडकरी आहेतच, ‘ठरलं तर मग’ मालिकेत सायली झालेल्या. एका वेलीवरून दुसऱ्या वेलीवर. पण आजी व्हायला त्यांना अजून बराच अवकाश आहे, त्यामुळे सासूबाईंचं समाधान होत नाही.

माझं मत जुईला. जाई पहिल्या ऐकण्यात आवडते आणि सगळ्यांना आवडते. जोडशब्दात मानही तिचाच पहिला. जुई तिच्या मागे उभी राहायची सवय लागलेली, म्हणून तिला एकटीला पुढे आणलं की नाव ताजं वाटतं. ऐंशीची जुईआजी कशी दिसेल ते ऐंशी वर्षांनी ठरेल. भाची अजून डळमळते आहे, आणि तिला घाई करायचं कारणही नाही: जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असली, तरी दाखल्यावर नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येतं. तोवर दोन्ही नावांनी हाका मारून बघाव्यात. माझ्या बहिणीने, म्हणजे बाळाच्या आजीने, तिसऱ्याच नावाने सुरुवात केली आहे.