धावणाऱ्याचे शरीर कोणाचे?

वैद्यकीय थरारकथा मराठी वाचकाला नवी नाही. रॉबिन कुक यांच्या कादंबऱ्यांचे मराठी अनुवाद आपल्याकडे आवडीने वाचले गेले. इस्पितळ, प्रयोगशाळा, औषध कंपनी आणि संशयास्पद मृत्यू हा त्यांचा ठरलेला मसाला. मात्र औषध आणि मैदान यांचा संबंध सांगणाऱ्या कादंबऱ्या आपल्या वाचनात फारशा येत नाहीत. म्हणून इंग्रज लेखक पीटर लव्हसी यांच्या दोन कादंबऱ्यांविषयी येथे लिहावेसे वाटले. लव्हसी २०२५ मध्ये वारले. त्यांचे पहिले पुस्तक लांब पल्ल्याच्या धावपटूंवर होते. मैदानाची ही जाण त्यांच्या कथेतही उतरली आहे.

'वॉबल टू डेथ' (१९७०) ही कादंबरी १८७९ सालच्या लंडनमध्ये घडते. इस्लिंग्टनच्या ॲग्रिकल्चरल हॉलमध्ये सहा दिवस, सहा रात्री चालण्या-धावण्याची शर्यत भरते. सहाच दिवस, कारण रविवारी असे खेळ चालत नसत. शर्यतीत दोन नामवंत आहेत, एक खानदानी आणि एक कष्टकरी वर्गातला. त्यांच्यासाठी वेगळी धावपट्टी आहे. बाकीचे पोटासाठी पाय झिजवणारे सारे दुसऱ्या पट्टीवर. कष्टकरी वर्गातला चार्ल्स डॅरेल शर्यतीतच मरण पावतो. आधी धनुर्वाताची शंका येते, नंतर कळते की त्याच्या शरीरात स्ट्रिक्निन होते. सार्जंट क्रिब तपासाला येतो आणि शर्यत मात्र पुढे चालूच राहते.

स्ट्रिक्निन म्हणजे आपल्या काजऱ्याच्या बियांतले, कुचल्यातले विष. हकीम आणि वैद्य दोघेही कुचला शुद्ध केल्याशिवाय वापरत नाहीत. मज्जारज्जूतून स्नायूंना मिळणारा 'थांब' हा निरोप ते अडवते. त्यामुळे अल्प मात्रेत तरतरी वाटते, मात्रा जरा वाढली की सारे अंग धनुष्यासारखे ताठते. म्हणूनच कादंबरीत धनुर्वाताचा भास होतो. हा रहस्यासाठी रचलेला खोटा डाव नाही, ते शरीराचेच सत्य आहे. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन जिंकणाऱ्या थॉमस हिक्सला त्याच्या मदतनीसांनी वाटेत अंड्याच्या पांढऱ्या बलकातून स्ट्रिक्निन दिले होते. वर ब्रँडीही पाजली होती. त्याचे पदक कोणी काढून घेतले नाही, कारण तेव्हा तो गुन्हाच नव्हता. ॲथलेटिक्स महासंघाने उत्तेजकांना बंदी घातली ती १९२८ मध्ये.

या कादंबरीचे बळ आणि तिची मर्यादा येथेच सापडते. क्रिबचा प्रश्न असा की मात्रा जीवघेणी कोणी केली? त्याचे उत्तर तो शोधतो आणि कोडे सुटते. पण धावणाऱ्याच्या पेल्यात चिमूटभर विष घालणे सर्वांना इतके साधे का वाटावे, हा प्रश्न शर्यतीच्या गर्दीत मागे राहतो. लेखकाला तो दिसला होता. दोन वेगळ्या धावपट्ट्या उगीच रंगवलेल्या नाहीत. पण रहस्यकथेच्या चौकटीत एकच गुन्हेगार हवा असतो, तो मिळाला की पुस्तक मिटते.

दुसरी कादंबरी 'गोल्डनगर्ल' (१९७७) लव्हसी यांनी पीटर लिअर या नावाने लिहिली. ती कमी अंतराच्या शर्यतींची आहे, पण वैद्यकीय थरारकथेच्या अधिक जवळ जाते. डॉ. सेराफिन हा शरीरशास्त्रज्ञ आपल्या दत्तक मुलीला वाढीचे संप्रेरक देऊन १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकसाठी घडवतो. तिच्या विजयावर पैसा लावणारे भागीदार आधीच जमलेले असतात. ते संप्रेरक त्या काळी मृत माणसांच्या मेंदूतील पिट्युटरी ग्रंथीतून काढले जाई, कृत्रिम रूप १९८५ मध्ये बाजारात आले. येथे मात्र लेखक मूळ प्रश्नाला थेट भिडतो : हे शरीर मुलीचे, बापाचे की भागीदारांचे? उणीव एवढीच की बरीच कथा ड्रायडन या एजंटच्या नजरेतून येते. मुलीच्या मनात काय चालले आहे ते आपल्याला तुटक तुटकच कळते. जिच्या शरीराचा व्यवहार चालला आहे, तिचाच आवाज क्षीण राहतो.

आम्ही भिंगारचे. छावणीचे गाव. येथे पहाटे रस्त्याने मुले धावतात ती पदकासाठी नव्हे, भरतीसाठी. सैन्यभरतीत सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत काढले तर पूर्ण गुण. चार सेकंदांनी घरचे भवितव्य बदलते. जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावताना उमेदवारांचे मृत्यू झाले. त्या मृत्यूंचा औषधाशी संबंध आम्ही जोडत नाही. पण एका नोकरीसाठी शरीर किती ताणले जाते, ते त्यांतून दिसले. पुढे भरतीच्या मैदानांवर उत्तेजक इंजेक्शने सापडल्याच्या बातम्याही मराठी वर्तमानपत्रांत येऊ लागल्या.

मोठ्या मैदानाचीही गोष्ट फार दूरची नाही. नाशिकची लांब पल्ल्याची धावपटू संजीवनी जाधव हिच्या नमुन्यात प्रोबेनेसिड आढळले. तिच्यावर दोन वर्षांची बंदी आली आणि २०१९ च्या दोहा आशियाई स्पर्धेतले दहा हजार मीटरचे कांस्यपदक गेले. प्रोबेनेसिड वेग वाढवीत नाही. पेनिसिलिन शरीरात टिकावे म्हणून ते औषध निघाले होते. इतर द्रव्ये लघवीत उतरण्यास ते अडथळा आणते, म्हणून त्याला लपवणारे औषध मानतात. याउलट पंजाबच्या सुनीता राणी हिची पदके २००२ च्या बुसान आशियाई स्पर्धेनंतर काढून घेतली गेली आणि प्रयोगशाळेच्या कामातील दोष उघड झाल्यावर परत मिळाली. म्हणजे आरोपी कधी खेळाडू असतो, तर कधी प्रयोगशाळाच चुकते. थरारकथेला याहून अधिक काय हवे?

बातमीत धावपटूचे नाव, औषध आणि बंदीची वर्षे येतात. पहिली गोळी तळहातावर कोणी ठेवली, तिला 'टॉनिक' कोण म्हणाले, घरातून कर्ज कोणी काढले होते, हे येत नाही. ते काम कादंबरीचे. मराठीत ही कादंबरी लिहिणाऱ्याने लव्हसी यांच्याकडून शरीराचे ज्ञान आणि मैदानाचा तपशील अवश्य घ्यावा. पण एक गुन्हेगार पकडून पुस्तक मिटवू नये. निवेदन दुसऱ्या धावपट्टीवरच्या मुलाला द्यावे. औषध घेणारा आणि न घेता चार सेकंदांनी मागे राहणारा, असे दोघेही त्यात हवेत. दोघांच्या घरी अब्बा-अम्मी किंवा आई-वडील निकालाची वाट पाहतच असतात.

लव्हसी यांच्या या दोन्ही कादंबऱ्या वाचनीय आहेत. ज्यांच्या घरातली मुले पहाटे धावायला जातात, त्यांनी तर त्या जरूर वाचाव्यात.