रेल्वे गुंतवणुकीतील प्रादेशिक विषमता : बागलाणच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

नाशिक जिल्ह्यातील बागलाण तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेल्या सटाणा शहराला रेल्वे स्थानक नाही. ही वस्तुस्थिती इतकी अंगवळणी पडली आहे की, ती उणीव म्हणून नोंदवावी असेही आता सहसा कोणाला वाटत नाही. कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा या चार तालुक्यांचा 'कसमादे' पट्टा कांदा, डाळिंब आणि अर्ली द्राक्षांसाठी ओळखला जातो. या पट्ट्यातील माल दिल्ली, कोलकाता आणि पाटण्यापर्यंत जातो; पण तो शेताच्या बांधावरून किंवा बाजार समितीच्या आवारातून निघतो तो मालमोटारीने. रेल्वेने मुंबई गाठू इच्छिणाऱ्या प्रवाशाला आधी बसने मनमाड किंवा नाशिक रोड गाठावे लागते.

रेल्वेतील प्रादेशिक विषमतेची चर्चा महाराष्ट्रात बहुधा विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशा तीन खणांत होते, किंवा 'मुंबई विरुद्ध इतर' अशा द्वंद्वात होते. या दोन्ही मांडण्यांत बागलाणसारखा तालुका कोठेच बसत नाही. नाशिक जिल्ह्यातून देशातील अत्यंत वर्दळीचा लोहमार्ग जातो, म्हणून जिल्हा संपन्न ठरतो. आणि जिल्हा संपन्न म्हणून त्यातील तालुक्याचा प्रश्न उरत नाही. या तर्काची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कापसाने आखलेला नकाशा

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे ही 34 कि.मी.ची गाडी धावली, हे सर्वश्रुत आहे. त्यानंतरच्या दीड दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीने थळघाट ओलांडून नाशिक, मनमाड, चाळीसगाव, भुसावळ असा मार्ग नेला. खानदेश आणि वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरात आणणे हे त्यामागील मुख्य प्रयोजन होते. पुढे 1878 मध्ये दौंड–मनमाड मार्ग झाला, 1900 च्या सुमारास निजामाच्या राज्यातून येणारा मीटरगेज मार्ग मनमाडला मिळाला, आणि त्याच सुमारास चाळीसगावहून धुळ्यापर्यंत फाटा गेला. उत्तरेकडे तापी खोऱ्यातून सुरत–भुसावळ मार्ग टाकला गेला. या दोन मोठ्या मार्गांच्या मधोमध, गिरणा आणि मोसम नद्यांच्या वरच्या खोऱ्यात, बागलाण राहून गेले. 1869 मध्ये नाशिक जिल्हा निर्माण होण्यापूर्वी हा प्रदेश खानदेशात होता. जिल्हा बदलला, तरी रेल्वेच्या दृष्टीने त्याचे स्थान बदलले नाही.

वासाहतिक सरकारने बंदराच्या सोयीने मार्ग आखले, यात नवल नाही. आश्चर्य आहे ते स्वातंत्र्यानंतरच्या निकषांचे. नवीन मार्ग मंजूर करताना अपेक्षित परताव्याचा दर पाहिला जातो आणि तो दर अपेक्षित वाहतुकीवरून काढला जातो. जेथे रेल्वे आहे तेथे बाजारपेठ, कारखाने आणि लोकसंख्या वाढते. म्हणून तेथे आणखी वाहतूक दिसते. म्हणून तेथेच आणखी गुंतवणूक योग्य ठरते. जेथे रेल्वे नाही तेथील माल रस्त्याने जातो आणि रेल्वेच्या हिशेबात तो अस्तित्वातच नसतो. अशा रीतीने एकोणिसाव्या शतकातील कापूस व्यापाराचा नकाशा एकविसाव्या शतकातील अर्थसंकल्पात पुन्हा पुन्हा उमटत राहतो.

याचे ताजे उदाहरण नोव्हेंबर 2024 चे आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने जळगाव–मनमाड या 160 कि.मी. अंतरात चौथ्या मार्गाला मंजुरी दिली. हा निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. मुंबई–हावडा मार्गावरील कोंडी खरी आहे, आणि जास्तीच्या मार्गामुळे पॅसेंजर गाड्या बाजूला उभ्या करून ठेवण्याची वेळ कमी येईल. तथापि एका तालुक्यातून चौथा रूळ जातो आणि शेजारच्या तालुक्यात पहिलाही नसतो, याचे समर्थन केवळ वाहतुकीच्या आकड्यांनी करणे अपुरे आहे.

मोजमापाचा प्रश्न

महाराष्ट्रात 'अनुशेष' ही संकल्पना रूढ झाली ती वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली 1983 मध्ये नेमलेल्या सत्यशोधन समितीमुळे. रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा क्षेत्रांत जिल्हानिहाय तूट मोजण्याचे काम या समितीने केले. प्रादेशिक असमतोलाची चर्चा भावनेकडून आकड्यांकडे नेण्याचे श्रेय या अहवालाला निर्विवादपणे द्यावे लागते. पण रेल्वे हा केंद्राचा विषय असल्यामुळे ती या मोजणीबाहेर राहिली. 1994 मध्ये घटनेच्या कलम 371(2) अन्वये वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली. त्यांच्याही कक्षेत ती आली नाही. 2020 मध्ये तर त्या मंडळांची मुदतच संपली. परिणाम असा की, रेल्वेचा अनुशेष किती, हा प्रश्न राज्याने कधी अधिकृतपणे विचारला नाही आणि केंद्राला तो विचारण्याचे कारण नव्हते.

केंद्राकडून जे आकडे येतात ते राज्यनिहाय असतात. 2009 ते 2014 या काळात महाराष्ट्राला सरासरी वार्षिक 1,171 कोटी रुपये मिळत होते आणि 2025-26 साठी 23,778 कोटी रुपयांची तरतूद झाली, असे सांगितले जाते. वाढ प्रचंड आहे, ती नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. मात्र एकीकडे पाच वर्षांची सरासरी आणि दुसरीकडे एका वर्षाची तरतूद, तीही किंमतवाढ वजा न करता, ही तुलना अर्थशास्त्राच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यानेही सावधपणे करावी अशी आहे. शिवाय राज्याची एकच बेरीज पालघर, गडचिरोली, नंदुरबार आणि बागलाण यांच्यातील भेद पुसून टाकते. 2017 पासून रेल्वेचा स्वतंत्र अर्थसंकल्प बंद झाल्यावर संसदेत दरवर्षी होणारी मार्गवार चर्चाही क्षीण झाली आहे.

मुंबईविषयी येथे एक खुलासा आवश्यक वाटतो. ग्रामीण भागातील वक्ते सगळा पैसा मुंबईला जातो असे सहज म्हणून जातात. मुंबईचा उपनगरी प्रवासी दारात लोंबकळत प्रवास करतो आणि लोहमार्गावर मरतोही. त्याच्या वाट्याला आलेल्या गुंतवणुकीला चैन म्हणणे अन्यायाचे आहे. तुलना करायचीच असेल तर ती मुंबई–अहमदाबाद अतिजलद मार्गाशी करता येईल. 508 कि.मी.साठी त्याचा मूळ अंदाज 1,08,000 कोटी रुपयांचा, म्हणजे दर किलोमीटरला 212 कोटींहून अधिक होता. मनमाड–इंदूर मार्गाचा दर किलोमीटरचा मंजूर खर्च सुमारे 58 कोटी आहे. अतिजलद मार्गाचा बहुतांश पैसा जपानी कर्जाचा आहे आणि ते कर्ज दुसऱ्या मार्गाला वळवता येत नाही, हा युक्तिवाद तांत्रिकदृष्ट्या खरा आहे. पण कर्ज कशासाठी मागावे हा निर्णय तांत्रिक नसतो.

मनमाड–इंदूर : कांदा कागदावर

2 सप्टेंबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड–इंदूर या 309 कि.मी.च्या नव्या मार्गाला मंजुरी दिली. खर्च 18,036 कोटी रुपये, 30 नवी स्थानके आणि 2028-29 पर्यंत पूर्ततेचे उद्दिष्ट असे त्याचे स्वरूप आहे. मालेगाव आणि धुळे या मार्गावर येतात. सटाणा येत नाही. 1900 पासून धुळ्यात येऊन थांबलेला फाटा यामुळे अखेर पुढे सरकेल, ही खानदेशासाठी मोठी गोष्ट आहे. सटाण्यापासून मालेगाव सुमारे 35 कि.मी. असल्याने बागलाणचेही अंतर निम्म्यावर येईल.

या मंजुरीच्या अधिकृत निवेदनात महाराष्ट्रातील कांदा उत्पादक जिल्ह्यांना थेट जोडणी मिळेल असा उल्लेख आहे. परंतु प्रकल्पाचा इतिहास वेगळे सांगतो. 2018 मध्ये या मार्गासाठी जो सामंजस्य करार झाला, त्यात जवाहरलाल नेहरू बंदराचा पुढाकार होता. पीथमपूरचा औद्योगिक पट्टा बंदराशी जोडणे हे त्याचे खरे आर्थिक बळ आहे, आणि वर्षाला 2 कोटी 60 लाख टन मालवाहतुकीची अपेक्षा ही प्रामुख्याने त्या जोरावर आहे. तेव्हा कापसाची जागा कंटेनरने घेतली आहे, इतकेच. कांदा निवेदनात आला, तसा तो स्थानकाच्या आराखड्यातही येईलच असे मानण्याला आधार नाही.

या शंकेला अनुभवाची जोड आहे. 7 ऑगस्ट 2020 रोजी देवळाली–दानापूर ही देशातील पहिली किसान रेल्वे सुरू झाली. फळे व भाजीपाल्याच्या भाड्यात 50 टक्के सवलत होती, तोपर्यंत तिला प्रतिसादही चांगला मिळाला. सवलत संपली आणि 2022 नंतर ही सेवा मागे पडली. असे का झाले, याचे उत्तर बागलाणच्या शेतकऱ्याच्या हिशेबात सापडते. नामपूरचा कांदा गाडीत घालायचा तर आधी तो पिकअपमध्ये किंवा ट्रकमध्ये भरायचा, स्थानकावर उतरवायचा, पुन्हा डब्यात चढवायचा आणि उतरणीच्या ठिकाणी पुन्हा तेच. हमाली, तोलाई आणि वाराई यांवरून आधीच वाद असलेल्या व्यवहारात आणखी दोन वेळची चढ-उतार येते, आणि प्रत्येक वेळी मालाची नासाडी होते. डाळिंबाच्या बाबतीत तर एक डाग पडला तरी प्रत घसरते. रेल्वेचे भाडे कमी असूनही एकूण खर्च कमी होत नाही, याचे कारण हे आहे. उलट ऑक्टोबर 2024 मध्ये सरकारी साठ्यातील 1,600 टन कांदा एकाच मालगाडीने नाशिकहून दिल्लीला नेण्यात आला. पूर्ण गाडी भरण्याची क्षमता असलेल्याला रेल्वे परवडते. पाच-दहा टनांच्या शेतकऱ्यासाठी तिची रचना झालेली नाही.

जुने डबे कोणाच्या वाट्याला

विषमता केवळ रुळांत नसते, डब्यांतही असते. पेरांबूरच्या कारखान्यात 1955 पासून स्विस आराखड्यावर बनलेल्या डब्यांनी देशाची मोठी सेवा केली. पण गाडी घसरली की हे डबे एकमेकांवर चढतात, हा त्यांचा ज्ञात दोष होता. जर्मन बनावटीचे एलएचबी डबे 2000 मध्ये आले. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील सुरक्षा समितीने 2012 मध्ये जुन्या बनावटीचे डबे थांबवून पूर्णतः एलएचबीकडे वळण्याची शिफारस केली. प्रत्यक्षात जुन्या बनावटीचा शेवटचा डबा 2018 मध्ये बाहेर पडला. या डब्यांचे विहित आयुर्मान 25 वर्षांचे धरले तर त्यांतील काही 2043 पर्यंत धावू शकतात. प्रश्न असा की, ते कोठे धावतील?

आजवरचा क्रम स्पष्ट आहे. नवे डबे आधी राजधानी आणि शताब्दीला मिळाले, मग प्रतिष्ठित एक्स्प्रेसना. उरलेले जुने डबे पॅसेंजर आणि शाखामार्गांकडे उतरत गेले. 1975 पासून धावणाऱ्या मनमाड–मुंबई पंचवटी एक्स्प्रेसला एलएचबी डबे मिळायला 2018 उजाडावे लागले, आणि ही तर जिल्ह्यातील सर्वांत मानाची गाडी. 2023 मध्ये नाशिक रोडवरून वंदे भारत गाड्या जाऊ लागल्या. त्यांत सर्वसाधारण वर्ग नाही. कोविडनंतर मात्र बहुतांश पॅसेंजर गाड्यांत, सेवा तीच असताना, एक्स्प्रेसचे भाडे आकारले गेले आणि ते 2024 मध्ये मागे घेतले गेले. सर्वांत गरीब प्रवाशाने सर्वांत जुन्या डब्यासाठी जवळपास चार वर्षे चढे भाडे दिले, याची चर्चा शहरी वृत्तपत्रांत फारशी झाली नाही.

शाखामार्गांची परिणती काय होते हे विदर्भातील 'शकुंतला'ने दाखवले. 1921 मध्ये मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन तेथे 1994 पर्यंत चालले. पुढे गाडीच थांबली. जळगाव जिल्ह्यातील पाचोरा–जामनेर ही अरुंदमापी गाडी 2020 मध्ये बंद झाली ती परतली नाही. अशा गाड्यांचे स्मरणरंजन करणारे लेखन मराठीत विपुल आहे. गाडी जुनी का राहिली, हे विचारणारे कमी आहे.

विलंबाची किंमत

अहिल्यानगर–बीड–परळी हा 261 कि.मी.चा मार्ग 1995 मध्ये मंजूर झाला, तेव्हा खर्च 353 कोटी होता. तो पुढे 4,805 कोटींवर गेला. निम्मा भार राज्याने उचलूनही बीडला पहिली गाडी पोहोचली ती 17 सप्टेंबर 2025 रोजी. या तीस वर्षांत एक पिढी बीडमधून पुण्याला बसने गेली. वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्गाची गतीही याहून फार निराळी नाही. मनमाड–इंदूरचे 2028-29 हे उद्दिष्ट या अनुभवाच्या प्रकाशात वाचावे लागते.

बागलाणपुरते पाहता, सटाण्याला स्वतंत्र मार्ग मिळावा ही मागणी आकर्षक असली तरी आजच्या निकषांवर ती टिकणे कठीण आहे, आणि ती लावून धरण्यात हाताशी आलेली संधी जाण्याचा धोका आहे. मालेगावच्या नियोजित स्थानकात धक्का किती लांबीचा असेल, डाळिंबासाठी शीतगृह असेल का, लहान खेपांचा माल एकत्र करून डबा भरण्याची सोय बाजार समित्यांना मिळेल का, सटाणा–मालेगाव रस्ता त्या स्थानकापर्यंत कसा जोडला जाईल, या बाबी जमीन संपादनाच्या टप्प्यावरच ठरतात. लासलगावचे स्थानक बाजारपेठेला लागून असल्याने तेथे कांद्याची गाडी भरता येते. मालेगावच्या आराखड्यात मालधक्क्यासाठी पुरेशी जमीन धरली गेली नाही, तर नामपूरचा कांदा 2029 नंतरही मनमाड चौफुलीवरून ट्रकनेच जाईल.