आठ सेकंदांची किंमत

इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ बनणारे मेलोट्रॉन दिसायला आपल्या पेटीच्या कुळातले. पण त्याला ना भाता, ना रीड. १९७० साली आलेल्या एम-४०० या नमुन्यात ३५ पट्ट्या होत्या आणि प्रत्येक पट्टीखाली एक चुंबकीय फीत. पट्टी दाबली की फीत फिरत्या दांड्याला टेकून पुढे सरके आणि तिच्यावर आधीच मुद्रित केलेला व्हायोलिनचा वा बासरीचा स्वर उमटे. बोट उचलले की स्प्रिंग तिला मागे खेची. सुमारे आठ सेकंदांत फीत संपे आणि स्वरही संपे.

अमेरिकेतील डेव्ह बायरो यांनी ही मर्यादा दूर करायचे ठरवले. मोटारीत गाणी ऐकण्यासाठी निघालेल्या एट-ट्रॅक कार्ट्रिजमध्ये फितीची दोन्ही टोके जोडलेली असतात, त्यामुळे ती संपतच नाही. अशी १९ कार्ट्रिज आणि ३७ पट्ट्या जुळवून त्यांनी बायरोट्रॉन घडवले. 'येस' या वाद्यवृंदाचे रिक वेकमन यांनी त्यात पैसा घातला. १९७८च्या 'टॉर्मॅटो'मध्ये ते वाजलेही. मात्र तयार झालेल्या वाद्यांची संख्या पन्नासपर्यंतही पोचली नाही.

या अपयशाचे रूढ कारण असे की, वाद्य उशिरा आले. १९७८मध्येच प्रॉफेट-५ हा सिंथेसायझर आला आणि फितीचे युग सरले. हे खरे असले तरी अपुरे आहे. मूळ दोष आराखड्यात होता.

वर्तुळाला आरंभ नसतो. मेलोट्रॉनची फीत दरवेळी पहिल्यापासून सुरू होई, म्हणून गजाचा पहिला घर्षणध्वनी, बासरीतली पहिली फुंक ऐकू येई. बायरोट्रॉनची फीत अखंड फिरत असे. पट्टी दाबल्यावर स्वर मध्येच कुठेतरी पकडला जाई. गेलेला आरंभ भरून काढण्यासाठी आवाज हळूहळू चढवणारी-उतरवणारी नियंत्रणे बसवली होती. पण चढता आवाज म्हणजे वादकाचा आघात नव्हे.

यंत्राच्या अडचणीही याच निवडीतून आल्या. कार्ट्रिजमध्ये फीत गुंडाळीच्या आतून ओढली जाते आणि बाहेरून गुंडाळली जाते. वेढे एकमेकांवर घासतात. पाव इंच रुंदीच्या फितीवर आठ मार्ग, त्यामुळे खरखर आणि शेजारच्या मार्गाचा आवाज मिसळण्याचा धोका. शिवाय जोडाची जागा दर फेरीला पुन्हा येणार. गाण्याला चालणारी ही सोय एकाच लांब स्वराला जाचक ठरते, कारण स्थिर स्वरात गतीचा किंचित कंपही कानाला कळतो.

पुढे १९८१च्या इम्युलेटरसारख्या अंकीय यंत्रांनी मार्ग दाखवला : आरंभ एकदाच वाजवायचा, नंतरचा तुकडा तेवढा फिरवायचा. एकसंध फिरणाऱ्या फितीला हे शक्य नव्हते. बायरो यांनी प्रश्न नेमका ओळखला होता. आठ सेकंदांच्या बदल्यात मेलोट्रॉन काय देत होते, याचा हिशेब मात्र राहून गेला. मेलोट्रॉनचे वादक स्वर संपण्याआधी बोटे सरकवून नवी पट्टी धरत, आणि त्या वाद्याची चाल त्या सरकण्यातूनच घडली.