सोंगाड्याची खोट

प्रा. बारटक्क्यांना ऐन वेळी शब्द आठवत नाही. मग नाम असो की क्रियापद, त्या जागी 'ह' येऊन बसतो, त्याला हवे तसे काना-मात्रे लागतात आणि वाक्य पुढे सरकतं. मधुकर तोरडमलांनी 'तरुण तुर्क म्हातारे अर्क'मध्ये हे पात्र लिहिलं आणि रंगवलंही. पूर्णवेळ नाटकाकडे वळण्याआधी ते नगर कॉलेजात इंग्रजी शिकवत, त्यामुळे शब्दासाठी अडलेला प्राध्यापक शोधायला त्यांना लांब जावं लागलं नसणार. या 'ह'च्या बाराखडीवर लोक वर्षानुवर्षं हसले. हसू केवळ विसराळूपणाचं नव्हतं. गाळलेली जागा भरायचं काम प्रेक्षकाकडे येतं आणि तो ती चावटपणेच भरतो. नटाने मात्र एकही वावगा शब्द उच्चारलेला नसतो. एका माणसाची खोट सगळ्या नाट्यगृहाला कामाला लावते.

पात्राचा दोष जोखताना मी हेच बघतो: समोरच्याला त्यातून काही करायला मिळतं का?

टेबलाभोवती बसून, फासे टाकत, पात्रं वठवायचे जे खेळ अमेरिकेत 1974 च्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'पासून सुरू झाले, त्यांनाही हा प्रश्न सुटायला वेळ लागला. 1981 च्या 'चॅम्पियन्स'मध्ये दोष पत्करला की गुण मिळत आणि त्या गुणांवर शक्ती विकत घेता येत. खेळाडू हिशेबी निघाले. कधी आडवा येणारच नाही असा दोष कागदावर लिहायचा आणि गुण खिशात घालायचे. पुढे 'फेट'ने व्यवहार उलटा केला: दोष खरोखर नडला, तरच मोबदला. 2014 च्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ने पात्राच्या कागदावर दोषाला स्वतंत्र रकाना दिला. 2024 च्या आवृत्तीत तो गेला. गेला ते फारसं बिघडलं नाही, कारण बहुतेक टेबलांवर तो रकाना भरून विसरलेलाच असायचा.

तमाशाला असा रकाना कधी लागला नाही. गवळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या बायांची वाट कृष्ण अडवतो, मावशी भांडायला पुढे होते आणि पेंद्या लंगडत, बोबडं बोलत मध्ये पडतो. पेंद्या धड बोलला असता तर दाण मागून, देऊन मंडळी बाजाराला लागली असती. त्याच्या बोबड्या शब्दाचा मावशी भलताच अर्थ काढते, कृष्णाला सारवासारव करावी लागते, आणि गवळण हवी तेवढी लांबते. व्यंगावर हसणं आज खटकतं, खटकायलाही हवं. पण चांगल्या फडात हशा पेंद्याच्या पायावर संपत नाही, तो मावशीच्या जिभेवर येतो.

हरिभाऊ वडगावकरांच्या 'गाढवाचं लग्न'मध्ये तर सगळा वगच एका खोटीवर उभा आहे. गाढवासाठी राजकन्येला मागणी घालायला शहाणा माणूस दरबारात जाणार नाही. सावळ्या कुंभाराला रीतभात कळत नाही म्हणून तो जातो, आणि राजाला काहीतरी उत्तर देणं भाग पडतं. दादू इंदुरीकरांनी या सावळ्याचं सोनं केलं. त्या अडाणीपणात त्यांनी लाचारी येऊ दिली नाही. तो सावळ्या राजाशी गल्लीतल्या माणसाशी बोलावं तसा बोलतो.

नगर जिल्ह्यात सोंगाड्याची ही विद्या संगमनेरला टिकली. तुकाराम खेडकर आणि कांताबाई सातारकरांचा फड इथला. कांताबाई 2021 मध्ये गेल्या. त्यांचे चिरंजीव रघुवीर खेडकर सोंगाड्या म्हणूनच नावारूपाला आले. सोंगाड्याची बतावणी बरीचशी जागेवर सुचलेली असते, त्यामुळे त्याचा भित्रेपणा किंवा हावरटपणा राजा-प्रधान झालेल्या नटांनाही जागं ठेवतो: हा आता काय बोलेल, याचा नेम नसतो.

आजची अवस्था मात्र बरी म्हणवत नाही. जत्रेत फर्माईश होते ती सिनेमाच्या गाण्यांची. वग आखडतो, कधी गाळलाच जातो. आणि खोट पेरून तिचं फळ यायला वेळ लागतो. पहिल्या प्रवेशातली हाव शेवटच्या प्रवेशात राजाचा जीव वाचवते, ही गंमत अर्ध्या तासात बसत नाही. टीव्हीवरच्या विनोदी प्रहसनांत तोतरा आणि बहिरा अजून दिसतात, पण तोतरा प्रवेशात येतो, तोतरं बोलतो आणि जातो. त्याच्यामुळे कुणाचा बेत फसत नाही की कुणाचं साधत नाही. स्पर्धेच्या एकांकिकांची तऱ्हा वेगळी. तिथे दारुडा बाप, संशयी नवरा अशी पात्रं भरपूर, मात्र दोष असतो तो शेवटच्या पाच मिनिटांत त्याला शिक्षा व्हावी म्हणून. तासाभराच्या चौकटीचा तो परिणाम असेल. लिहिणाऱ्यांचा सोंगाड्यावर विश्वास उरलेला नाही, हेही आहेच.

म्हणून मला रात्रभर चालणाऱ्या वगाच्या जवळचे वाटतात ते टेबलावरचे खेळ. चार-चार तासांची बैठक, हातात संहिता नाही आणि समोरचा कधी काय बोलेल याचा भरवसा नाही. तिथे एखाद्याचं पात्र लालचीपणाने नको ती पेटी उघडतं आणि पुढचे दोन तास बाकीचे चौघे ते निस्तरत बसतात.