पुसली न जाणारी नोंद : ‘उचल्या’ या आत्मकथनाचा पुनर्विचार

प्रास्ताविक

लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ साली प्रकाशित झाले व त्यास १९८८ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’नंतर (१९८०) भटक्या-विमुक्तांचे जीवन मराठी साहित्यात ठळकपणे आणणारी कृती म्हणून ‘उचल्या’कडे पाहिले जाते. भूक, दारिद्र्य, जातपंचायत आणि बोलीभाषा या अंगांनी या कृतीचा विचार सहज सुचतो. तथापि तिच्या मुळाशी आणखी एक प्रश्न आहे. गुन्हेगार म्हणून झालेली नोंद पुसता येते काय, आणि येत असल्यास ती कोणी पुसावयाची? प्रस्तुत लेखात ‘उचल्या’चा विचार या प्रश्नाच्या अनुषंगाने केला आहे.

कायद्याची पार्श्वभूमी

ब्रिटिश सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. १९११ व १९२४ साली त्याची व्याप्ती वाढविण्यात आली. या कायद्यान्वये संपूर्ण जमातच गुन्हेगार म्हणून अधिसूचित होत असे. माणसांची नावे व बोटांचे ठसे नोंदवहीत घेतले जात, पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे आणि परगावी जाण्यास परवाना लागे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला व या जमाती ‘विमुक्त’ ठरल्या. परंतु १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा आला. तो जमातीला नव्हे, व्यक्तीला लागू होता. तरीही नोंदणी आणि पाळत या जुन्या कल्पना त्यात टिकून राहिल्या.

भारतीय कायद्यात नोंद पुसण्याची तरतूद अगदीच नाही असे नव्हे. परिवीक्षा अधिनियम, १९५८ अन्वये परिवीक्षेवर सुटलेल्या व्यक्तीस दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार काही गंभीर प्रकरणे वगळता बालकाच्या दोषसिद्धीचे अभिलेख ठरावीक काळानंतर नष्ट करावयाचे असतात. मात्र या दोन्ही तरतुदी एक गोष्ट गृहीत धरतात : व्यक्तीवर खटला चालला आणि न्यायालयाने निकाल दिला. ‘उचल्या’तील माणसांची अडचण नेमकी येथेच आहे. त्यांच्याविरुद्धची नोंद जन्माबरोबर येते. जेथे निकालच नाही, तेथे पुसावयाचे तरी काय?

‘उचल्या’तील नोंद

आत्मकथनातील आजोबा पोलिसांच्या हजेरीला बांधलेले आहेत. पुढच्या पिढीच्या काळात कायदा उरत नाही, पण गावात चोरी झाली की पोलीस याच घरात शिरतात. कागदावरील नोंद रद्द झाली, तरी ती पोलिसांच्या सवयीत आणि गावाच्या बोलण्यात शिल्लक राहते. घरातला मुलगा शाळेत जाऊ लागतो, तेव्हा त्या साध्या घटनेकडेही गाव अपशकुन म्हणून पाहते. पुढे लातूरच्या सूतगिरणीत श्रमाची भाकरी मिळविणारा हाच तरुण स्वतःची नवी ओळख घडवू पाहतो, तेव्हा जुनी ओळख त्याच्या पुढे चालत असते.

अशा स्थितीत लेखकाने स्वीकारलेला मार्ग लक्षणीय आहे. आपल्या माणसांनी चोऱ्या केल्याच नाहीत, असा बचाव तो मांडत नाही. चोरीचे शिक्षण, मार सोसण्याची तालीम आणि त्यामागची उपासमार हे सर्व तो उघडपणे सांगतो. नोंद झाकण्याऐवजी तो ती स्वतः लिहावयास घेतो. पोलिसांच्या नोंदवहीत नाव असते, ठसा असतो, कारण नसते. ‘उचल्या’ते कारण नोंदविते. कलंकाचा शब्दच शीर्षकात घेण्यामागील बळ यातूनच आलेले आहे.

मर्यादा

या मार्गाला धोकाही आहे. पूर्वग्रह बाळगणारा वाचक लेखकाच्या प्रामाणिक कबुलीचाच पुरावा करू शकतो. लेखकाने कारणमीमांसा केली असली, तरी प्रसंगांच्या वेगात ती काही ठिकाणी मागे पडते. उत्तरार्धात चळवळीचा वृत्तांत वाढतो आणि पूर्वार्धातील माणसे धूसर होतात. स्त्रियांच्या वाट्याला आलेला छळ कृतीत आहे. परंतु तो मुलाच्या नजरेतून आलेला आहे. त्यांची नोंद त्यांच्याच शब्दांत यावयाची राहते.

बारामती-इंदापूरच्या संदर्भात

‘उचल्या’ची भूमी लातूरची असली, तरी प्रश्न तेवढ्यापुरता नाही. १९९८ साली बारामती येथे पोलिसांच्या मारहाणीत पारधी समाजातील एका व्यक्तीचा मृत्यू झाला. विमुक्तांच्या देशव्यापी चळवळीत ही घटना वारंवार मांडली गेली, आणि अहमदाबादच्या छारानगरातील बुधन थिएटरने तिच्यावर नाटक उभे केले. न्यायालयात सिद्ध न झालेला संशयही प्राण घेऊ शकतो, हे या घटनेने दाखविले. अंथुर्ण्यासारख्या नीरा खोऱ्यातील गावांतून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर ‘उचल्या’ ठेवताना ते दूरच्या जिल्ह्याचे दुःख म्हणून शिकविणे त्यामुळेच अपुरे ठरेल.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता खटल्यात तुरुंगाच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला, आणि सराईत गुन्हेगारविषयक कायद्यांची आवश्यकता तपासण्याचे आवाहन राज्य सरकारांना केले. १९८७ साली एका आत्मकथनाने उभा केलेला प्रश्न अशा रीतीने न्यायालयाच्या भाषेतही आला.

निष्कर्ष

नोंद पुसणे म्हणजे विसरणे, अशी कायद्याची धारणा दिसते. ‘उचल्या’ ती अपुरी ठरविते. ज्या समाजावर निकालाशिवाय शिक्का बसला, त्याला विस्मरणाने न्याय मिळत नाही. शिक्का कोणी मारला व का मारला, हे आधी नोंदवावे लागते. रकाना काढण्याचे काम शासनाने करावयाचे आहे. गावाच्या बोलण्यातील रकाना काढण्याचे काम शिक्षणाचे आहे. वर्गात हे आत्मकथन वाचले जाताना एखादा विमुक्त विद्यार्थी मान खाली न घालता ऐकू शकतो काय, यावरच त्या कामाची परीक्षा होईल.